जुन्या गाडीचं ऑइल प्रेशर कमी दाखवतंय? इंजिन उघडण्याआधी मोजून बघा

जुलैतल्या पावसात केरीहून चोर्ला घाट चढत होतो. गाडी १९९८ ची मारुती ८००, वडिलांच्या हातची. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जोर लावत होतं आणि डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. पाय जरा सैल केला की विझायचा, जोर दिला की परत. कसाबसा वर पोहोचलो, कणकुंबीत गाडी बाजूला घेतली आणि तिथून ती टेम्पोला बांधून बेळगावात आणली. खरं तर पहिल्यांदा दिवा दिसला तिथेच थांबायला हवं होतं. आज तसा दिसला तर मी शंभर फूटसुद्धा पुढं जाणार नाही.

पहिल्या गॅरेजनं बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि सांगितलं, "बेअरिंगं गेली, इंजिन खाली घ्यावं लागेल." दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी विचारलं ते एवढंच : "मोजल्याबिगर इंजन कशाला उघडतासा? आधी गेज लावूया की." गेज लावलं, आणि खर्च निघाला पिचकलेलं चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठवणारं पत्र्याचं भांडं, ठोकून सरळ करण्याचा. बेअरिंगं आजही तीच आहेत.

आपल्याकडे खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे अजून ढिगानं ८००, ओम्नी, झेन, अॅम्बॅसिडर आहेत. त्यातली कितीतरी इंजिनं या एका दिव्यापायी विनाकारण उघडली जातात आणि कितीतरी याच दिव्याकडे दुर्लक्ष केल्यानं जाम होतात. दोन्ही टाळता येतं. खालचा क्रम स्वस्तातून महागाकडे जाणारा आहे, तो मोडू नका.

प्रेशर म्हणजे नेमकं काय

उसाला पाणी पाजताना पाइपाचं तोंड बोटानं दाबलं की पाणी लांब उडतं, बोट काढलं की पायाशी पडतं. मोटर तीच, पाणी तेवढंच. इंजिनातलं ऑइलही असंच. पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि बेअरिंग (त्याला धरणाऱ्या पातळ वाट्या) यांच्यातल्या अरुंद फटीतून ऑइलला वाट काढावी लागते म्हणून. बेअरिंग झिजलं, फट वाढली की बोट काढल्यासारखं होतं. ही फट दुप्पट झाली तर बाजूनं निसटणारं ऑइल दुप्पट नाही, जवळजवळ आठपट होतं. म्हणून जुन्या इंजिनाचं प्रेशर बराच काळ ठीक दाखवतं आणि मग थोड्याच महिन्यांत ढासळतं.

म्हणजे प्रेशर कमी होण्याच्या जागा तीन : पंपाला ऑइल पुरत नाही, पंप किंवा त्याचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारा) कामातून गेलाय, किंवा पुढं ऑइल नको तिथून निसटतंय. चौथी शक्यता, प्रेशर ठीक आहे पण दाखवणारा दिवाच खोटं बोलतोय.

दिवा लागला त्या क्षणी

तांबडा दिवा ऑइल 'थोडं कमी' आहे असं सांगत नाही. साध्या गाड्यांतला स्विच ०.२ ते ०.५ किलोच्या आसपास दिवा लावतो. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब, आपले मिस्त्री 'दोन किलो, तीन किलो' म्हणतात तो. १ किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. चालत्या इंजिनाला तीन किलोची गरज असताना अर्ध्या किलोला दिवा लागतो, तेव्हा प्रेशर जवळपास संपलेलं असतं.

अॅक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा. घाटात मात्र एक सांभाळा : गाडी उतारावर धावत असताना चावी फिरवू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरमध्ये एकदोन दाबांपुरताच जोर उरतो, आणि चावी पूर्ण मागं गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आधी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, मग बंद. नंतर "बघू तरी" म्हणून पुन्हा पुन्हा स्टार्ट करू नका.

पायरी १ : डिपस्टिक, नाक आणि बोट

सपाट जागा बघा, दहा मिनिटं ऑइल खाली उतरू द्या. डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि मग वाचा. पहिल्याच वेळेला काढून वाचणारे बरेच फसतात.

खालच्या खुणेच्या खाली असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल थोडं थोडं घालत वरच्या खुणेपर्यंत आणा आणि स्टार्ट करा. दिवा गेला तर निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे ते ऑइल गेलं कुठं हे शोधणं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठं पडलाय ते बघा. डाग नाही, पण सायलेन्सरमधून निळसर धूर येतो? मग ऑइल जळतंय.

लेव्हल वरच्या खुणेच्या वर गेली असेल तर जास्त सावध व्हा. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात काहीतरी मिसळलंय. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल थेट चेंबरात उतरतं. डिपस्टिक नाकाशी धरा, वास लगेच कळतो. बोटांत चोळलं तर ऑइल पाण्यासारखं पातळ लागतं. अशा ऑइलवर इंजिन चालवूच नका. आधी पेट्रोल पंप, मग नवं ऑइल आणि फिल्टर. आणि ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसत असेल तर रेडिएटरचं पाणी आत येतंय, बहुधा हेड गॅस्केटमधून. फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडी पिवळट साय असेल तर एवढं घाबरू नका, पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाड्यांत दमटपणानं ती धरते.

पायरी २ : ऑइल आणि फिल्टर

मागच्या वेळी कुठलं ऑइल घातलं हे माहीत नसेल तर पुढं काही तपासण्याआधी ऑइल-फिल्टर बदला. जुन्या इंजिनाला गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडपैकीच जाड बाजूची निवडा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांना १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० चालतं. मागचा आकडा ऑइल तापल्यावर किती जाड राहतं ते सांगतो. आजच्या नव्या गाड्यांचं ०डब्ल्यू-२० "भारीतलं आहे" म्हणून जुन्या इंजिनात ओतलं तर तापल्यावर दिवा लागू शकतो. अथणीकडच्या एप्रिलच्या उन्हात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास रांगत गेलात, तर पातळ ऑइलचा निकाल तिथंच लागतो.

फिल्टर स्वस्तातला घेऊ नका. चांगल्या फिल्टरात एक रबरी पडदा असतो, इंजिन बंद असताना तो ऑइल अडवून धरतो. पडदा निकामी असेल तर रात्रीत फिल्टर रिकामा होतो आणि सकाळी स्टार्ट केल्यावर चार-पाच सेकंद दिवा जात नाही, टॅपेट टिकटिक करतात. रोज सकाळी तेवढा वेळ बेअरिंग कोरडं फिरतंय, हे लक्षात घ्या.

डब्यातली जाड 'ट्रीटमेंट' घालून दिवा घालवायचा सल्ला कुणीतरी देईलच. माझं स्पष्ट मत आहे, घालू नका. दिवा जातो, दुखणं राहतं, आणि मोजायला गेलात तर आकडेही फसवे येतात.

पायरी ३ : दिवा खरा आहे का

स्विच ब्लॉकवर असतो, बहुधा ऑइल फिल्टरच्या आसपास, एकच वायर असलेला. प्रेशर नसताना तो वायर बॉडीला जोडतो म्हणून दिवा लागतो, प्रेशर आलं की तोडतो. हे समजलं की तपासणी दोन मिनिटांची आहे. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा, दिवा लागला पाहिजे. आता स्विचची वायर उपसा. दिवा विझला तर वायरिंग ठीक आहे. वायर उपसूनही दिवा लागलेलाच असेल तर ती कुठेतरी सोलून बॉडीला टेकली आहे, इंजिनाचा काही दोष नाही.

उपसलेल्या टोकात ऑइल दिसलं तर स्विच आतून फुटलाय, बदला. तो फार महाग भाग नाही.

उलटी बाजू जास्त धोक्याची. चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर बल्ब गेलाय, वायर तुटलीय किंवा कुणीतरी मुद्दाम तोडलीय. जुनी गाडी विकत घेताना मी हे पहिल्यांदा बघतो. काही विकणारे ऑइलच्या दिव्याची वायर चार्जिंगच्या दिव्याला जोडून ठेवतात, म्हणजे स्टार्ट केलं की दोन्ही एकदम विझतात. म्हणून चालू इंजिनावर स्विचची वायर उपसून बॉडीला टेकवून बघा. दिवा लागला नाही तर सौदा तिथेच थांबवा.

पायरी ४ : गेज लावून मोजणं

सगळ्या कामाचं मूळ इथं आहे. थंड इंजिनावर स्विच काढा आणि त्या जागी साधं, काट्याचं मेकॅनिकल गेज बसवा. मारुती आणि बहुतेक जपानी घराण्याच्या इंजिनांत तिथे एक अष्टमांश इंची ब्रिटिश पाइपाचे आटे असतात, इंचाला २८. बाजारात मिळणाऱ्या काही गेजना अमेरिकी २७ आटे असतात. दोनतीन फेरे ते बरोबर बसल्यासारखे वाटतात, मग अडतात. तिथं जोर लावला तर ब्लॉकचे आटे जातात. हातानं सहज फिरत नसेल तर काढा आणि योग्य जोड आणा. टेफ्लॉन टेप गुंडाळलीत तर टोकाचे दोन आटे मोकळे सोडा, टेपचा तुकडा आत गेला तर ऑइलची वाट बंद करतो. गेजची नळी पुलीपासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा. गरम ऑइल सायलेन्सरवर उडालं तर पेट घेतं.

आता चार आकडे लिहून काढा. थंड इंजिन, आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता). मग गाडी पूर्ण तापू द्या, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत. तापल्यावर आयडल, मग २००० आरपीएम (मिनिटाला फेरे), मग ३००० ला अर्धा मिनिट धरून. थंड इंजिनाचं प्रेशर बघून खूश होणं ही सगळ्यात मोठी चूक. थंड ऑइल जाड असतं, त्यात मरणासन्न इंजिनही चार किलो दाखवतं.

तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा सापडला तर तोच खरा. नसेल तर जुना ढोबळ हिशेब असा : दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ किलो. तापल्यावर ३००० ला दोन किलोच्या वर असेल तर इंजिन जगण्यासारखं आहे, तीन-चार असेल तर उत्तम.

पण एका आकड्यापेक्षा काटा कसा वागतो ते महत्त्वाचं. इथं घाई करू नका.

थंडीत छान, तापल्यावर आयडलला कमी, पण ३००० ला परत भरून येतं : थोडी झीज आहे किंवा ऑइल पातळ आहे. योग्य ग्रेडचं ऑइल घालून, वेळेवर बदलत अशी गाडी पुष्कळ चालते. उघडू नका.

कुठल्याही आरपीएमला कमीच : रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलाय, पंप झिजलाय किंवा बेअरिंगची फट फार वाढलीय.

काटा थरथरतोय : पंप हवा ओढतोय. ऑइल कमी आहे, किंवा पंप जिच्यातून ऑइल ओढतो त्या जाळीच्या पाइपाची रिंग कडक होऊन तडकलीय.

आयडलला ठीक आणि आरपीएम वाढवलं की पडतं : पंपाला ऑइल पुरत नाही, जाळी तुंबलीय. माझ्या गाडीत हेच झालं. तापल्यावर आयडलला दीड किलो, २००० ला दोनच्या वर, आणि ३००० ला धरल्यावर काटा आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू अर्ध्या किलोवर उतरला. आयडलला आणला की परत वर. मिस्त्री म्हणाले, "बेअरिंग गेलेलं इंजन असं करत न्हाई. ह्याला प्यायला मिळंना झालंय." आणि गाडीखाली वाकले.

पायरी ५ : चेंबर उतरवणं

आधी बाहेरून बघा. खानापूर-जांबोटी पट्ट्यातल्या रस्त्यांवर वर आलेले दगड आणि गावोगावचे बेताल स्पीडब्रेकर चेंबरला सारखे लागतात. चेंबर फुटलं तर ऑइल गळतं आणि कळतं तरी. नुसतं पिचकलं तर कुणाला कळत नाही. ऑइल ओढणारी जाळी चेंबरच्या तळापासून थोड्याशाच अंतरावर असते. पत्रा आत आला की तो जाळीचं तोंडच बंद करतो. माझ्या चेंबरला ताटलीएवढा खळगा होता आणि जाळीच्या कडेचा गोल ठसा आतल्या पत्र्यावर स्पष्ट उमटला होता. महिनाभर आधी जांबोटीजवळ एक दगड 'ठण्‌' करून लागला होता, तेव्हा खाली वाकून ऑइल गळत नाही एवढंच बघितलं होतं.

उतरवताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. घोडी (लोखंडी स्टँड) लावा, मागच्या चाकांना ठोकळे द्या. ऑइल कोमट असताना सोडा, कढत असताना नको. काही गाड्यांत सायलेन्सरचा पुढचा पाइप आडवा येतो, त्याचे गंजलेले नट आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

चेंबरच्या तळाला काय आहे ते हातानं बघा. काळा लोण्यासारखा गाळ असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, जाळी त्यानंच तुंबते. जाळी काढून डिझेलनं धुवा, उजेडाला धरून प्रत्येक भोक मोकळं झालंय का बघा. जाळीत बरेचदा सिलिकॉन पेस्टचे रबरी तुकडे सापडतात. मागच्या कुणीतरी चेंबर लावताना पेस्ट ढिगानं लावलेली असते, आत पिळून आलेली शेपटी तुटून जाळीत जाऊन बसते. परत लावताना तुम्ही ती बारीक, अखंड दोरीसारखी लावा. पाइपाची रिंग नवीच घाला.

गाळात चमक दिसली तर लोहचुंबक फिरवा. चिकटलं तर लोखंड. न चिकटणारे पांढरट किंवा तांबूस कण दिसले तर ते बहुधा बेअरिंगचे, आणि मग पुढची पायरी टळत नाही.

गाळ काढायला इंजिनात रॉकेल किंवा डिझेल ओतून चालवायची जुनी पद्धत मात्र सोडा. सुटलेला गाळ एकदम जाळीत जातो, आणि रॉकेलवर बेअरिंग तेवढा वेळ ऑइलशिवायच फिरतं.

पायरी ६ : पंप आणि बेअरिंग

मारुती ८०० मध्ये पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग बेल्टच्या मागं असतो. बेल्ट काढावाच लागतो, तेव्हा बेल्ट आणि पुढचं ऑइल सील त्याच वेळी नवं घाला. आधी रिलीफ व्हॉल्व्ह बघा. त्याचा पिस्टन बोटानं दाबला की सुळकन आत जाऊन परत आला पाहिजे. अडकत असेल तर कचरा किंवा ओरखडा शोधा. स्प्रिंगखाली वायसर घालून प्रेशर वाढवायची युक्ती करू नका. स्प्रिंग फक्त जास्तीत जास्त प्रेशर ठरवते, आयडलचं प्रेशर त्यानं वाढत नाही.

पंपाच्या गिअरवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजनं फट मोजा. ०.१५ मिमीची पात सहज जात असेल तर पंप बदलायचा विचार करा. नवा पंप कोरडा बसवू नका. गिअरच्या दातांत साधं व्हॅसलीन भरा. पहिल्या फेऱ्यातच पंपाला ओढ मिळते आणि नंतर ते ऑइलात विरघळून जातं. ग्रीस भरू नका, ते विरघळत नाही.

बेअरिंगची फट नव्या इंजिनात साधारण ०.०२ ते ०.०५ मिमी असते. ०.०८ च्या पुढं गेली तर बदल हवा. मोजायला प्लास्टिगेजची मऊ दोरी मिळते. ती क्रँकवर ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळा, क्रँक न फिरवता परत सोडा आणि दोरी किती चपटी झाली ते पट्टीवर वाचा. कॅपांचे नंबर आणि बाणाची दिशा आधीच खुणा करून ठेवा.

क्रँकला नखाला लागणारे ओरखडे असतील किंवा मायक्रोमीटरवर गोलाई गेलेली दिसली तर नुसती नवी बेअरिंगं घालून पैसे वाया घालवू नका. क्रँक ग्राइंड करा आणि पहिल्या साइजची, म्हणजे ०.२५ मिमीनं बारीक झालेल्या क्रँकसाठीची बेअरिंगं घाला. या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेळगावची उद्यमबाग म्हणजे फौंड्री आणि मशीनशॉपची वस्ती, निपाणीकरांना तर कोल्हापूर जवळ. ग्राइंडिंग करणारा सापडतो. क्रँक परत आली की तिच्या ऑइलच्या भोकांतून बारीक ब्रश आणि दाबाची हवा मारून चूर काढा, स्वतःच्या हातानं. तो चूर राहिला तर नवी बेअरिंगं थोड्याच दिवसांत खरवडली जातात.

पहिला स्टार्ट

नवा फिल्टर सरळ उभा बसत असेल तर ऑइलनं भरून लावा. इग्निशन कॉइलची वायर काढा म्हणजे इंजिन पेटणार नाही, आणि दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये थांबत. काटा हलला, दिवा गेला, की मगच वायर जोडून स्टार्ट करा. लगेच रेस करू नका. दोन मिनिटांनी बंद करून लेव्हल बघा, खाली वाकून गळती बघा. गाडी तापल्यावर तेच चार आकडे परत घ्या, आणि ५०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.

काढलेलं जळकं ऑइल नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका, मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्यांकडे द्या, जुनं ऑइल गोळा करणारे तिथं येतात.

आकडे लिहिलेला कागद मी ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलाय, तारीख, किलोमीटर आणि ऑइलची ग्रेड टाकून. चेंबर ठोकून बसवल्यानंतरची पहिली ओळ अशी आहे : तापलेलं इंजिन, आयडल दीड, २००० ला सव्वादोन, ३००० ला तीन. त्याखाली दर वर्षी पावसाळ्याआधी एक ओळ वाढते.